कौसाबाई आणि लाखोळीचं पाणी

कौसाबाईला कोणी कंजूष म्हटलं की माझं डोकं आजही फिरतं. एकदा माझ्या नणंदेनं भर पंगतीत विचारलं होतं, "वहिनी, तुमची ती हिंगणघाटची चिक्कू शेजारीण काय म्हणते?" मी वाढता वाढता पळी खाली ठेवली आणि सांगितलं, "असून देत नाही तो चिक्कू. नसताना देणाऱ्याला काय म्हणतात ते आधी शोध, मग तिचं नाव घे." नणंद आठ दिवस फुगून होती. फुगू दे. ज्यांनी कौसाबाईच्या हातचं खाल्लं नाही त्यांनी तिच्याबद्दल बोलू नये, आणि ज्यांनी खाल्लं त्यांना बोलवत नाही. मलाही इतकी वर्षं बोलवलं नाही.

स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली असतील. लग्न होऊन मी नालवाडीहून हिंगणघाटला आले. आमचे हे शाळेत मास्तर. मीही त्यांना मास्तरच म्हणायचे, त्यामुळे सगळी ओळ मला मास्तरीण म्हणायला लागली. ओळ म्हणजे कापसाच्या जिनाच्या मागच्या अंगाला असलेली कवेलूच्या छपराच्या खोल्यांची रांग. शेवटची खोली आमची, तिच्या अलीकडची कौसाबाईची. मधली भिंत मातीची आणि तीही पुरुषभर उंच, वर छपरापर्यंत सगळं मोकळं. तिच्या घरची फोडणी आधी माझ्या घरात यायची आणि मग गावात जायची. जीन सुरू असलं की रुईचा भुगा दोघींच्याही घरभर उडायचा. पाण्याच्या गुंडावर, मिठाच्या बरणीत, डोळ्यांच्या पापण्यांवरसुद्धा.

कौसाबाई म्हणजे उंच, काटकुळी बाई. लुगडं पोटरीपर्यंत खोचलेलं, नाकात फुली, आणि हात मात्र गड्यासारखे थोराड. तिच्या घरात माप नव्हतं. तिची मूठ हेच माप. घरात माणसं तीन. ती, तिचा नवरा महादेवभाऊ आणि धाकटा दीर गणपत. महादेवभाऊ जिनात सरकी वेगळी करायच्या यंत्रावर असायचे. सबंध दिवसात दहा शब्द बोलत, त्यातले सहा "बरं". गणपत पाच वर्षांचा असताना सासू गेली आणि त्याला हिच्या पदरात टाकून गेली. हिची स्वतःची दोन झाली, राहिली नाहीत. मग गणपतच सगळं. तो वीस वर्षांचा दांडगा गडी झाला, जिनात रुईच्या गाठी उचलायला लागला, तरी ही त्याला ताटावर बसवून विचारायची, "पोट भरलं काय रे?" आणि तो म्हणायचा, "नाई." ते ऐकून तिला जे बरं वाटायचं ते मी भिंतीपलीकडून ऐकायचे.

माझी तिची ओळख भांडणातून झाली. नालवाडीला आमच्या घरी गाय, मळा. मला भाजी निवडून निम्मी टाकून द्यायची सवय. आठवडाभर ते तिनं पाहिलं असणार. एके सकाळी ती माझ्या उकिरड्याशी वाकलेली दिसली. दोडक्याची सालं, मुळ्याचा पाला, वांग्याची देठं, सगळं पदरात घेत होती. मला इतका राग आला, की मी दारातूनच म्हटलं, "बाई, हे काय करता?"

तिनं मान वर करून माझ्याकडेच असं पाहिलं, जणू चोर मी. "हे कोन फेकलं वं?"

"मी फेकलं. ते सालटं आहे."

"सालटं तुले दिसते. मले संध्याकाळची चटनी दिसून राह्यली."

संध्याकाळी भिंतीवरून एक द्रोण आला. दोडक्याच्या शिरा जवसाबरोबर भाजून, लसूण घालून कुटलेली चटणी. मी तोऱ्यात म्हटलं, "ठेवा तिथं." मास्तरांनी त्या चटणीबरोबर तीन भाकरी खाल्ल्या, आणि भाजीकडे पाहिलंसुद्धा नाही. मी गुपचूप द्रोण पुसून खाल्ला. दुसऱ्या दिवशी शिकायला गेले.

काय काय शिकले म्हणून सांगू. वांग्याची देठं चिरून डाळीत टाकायची, मटणाला मागे सारतात. ज्वारीच्या कण्या अंबाडीच्या पाल्यात शिजवल्या तर दोन मुठींत चौघं उठतात. पावसाळ्यात बाजारातून भाजी आणायचीच नाही, वणा नदीच्या काठानं हिंडायचं. कोवळा तरोटा, घोळ, चिवळ, देवानं पेरलेलं फुकट असतं. जातं झाडायला तिच्याकडे एक कुंचा होता. दळण झालं की पाळीतलं पीठ ती असं झाडायची की मुंगीला काही उरत नसे. आणि सगळ्यांत मोठा नियम पाण्याचा. कशाचंच पाणी फेकायचं नाही. डाळ धुतलेलं, कडधान्य भिजवलेलं, भाजी उकडलेलं, सगळं पाणी एका गाडग्यात. त्यातच भाकरीचं पीठ मळायचं, त्याचाच रस्सा करायचा. "जीव पान्यात उतरते," ती म्हणायची. "गाळ खाऊन जीव मोरीत सोडून देनं म्हंजे येडेपना."

मी हा नियम माझ्या माहेरी जाऊन सांगितला तेव्हा आई म्हणाली, तुझी शेजारीण हुशार आहे. मला वाटलं माझंच कौतुक झालं.

तिच्या घरचा एक संकेत होता. मला तो कळायला दोन वर्षं लागली. अवचित पाहुणे आले, भाजी पुरणार नाही असं दिसलं, की ती वाढताना सहज म्हणायची, "आज मीठ जरासं जास्त पडलं वाट्टे." ते ऐकलं की महादेवभाऊ दुसऱ्यांदा भाजी मागत नसत. बिचारे ताक घेऊन उठत. पाहुणे मात्र म्हणायचे, "छे वो, काई जास्त नाई, वाढा." आणि पोटभर जेवायचे. गणपतला हा संकेत लहानपणापासून ठाऊक होता आणि त्यानं तो एकदाही पाळला नाही. वहिनीनं मीठ जास्त म्हटलं की तो मुद्दाम ताट पुढे करायचा, "मले आवडते खारट." सगळे हसायचे. ती वाढायची. स्वतःची वाटी त्याच्या ताटात उपडी करून वाढायची आणि वर म्हणायची, "मेल्याच्या पोटात वणा नदी हाय."

त्याची सोयरीक जमली तेव्हाची गोष्ट तर मी कितीदा सांगितली असेल. कौसाबाईचं सासर मूळ अल्लीपूरचं. शेती भावकीत वाटता वाटता हातभर उरली म्हणून दोघे भाऊ जिनाच्या कामाला हिंगणघाटला आलेले. मुलगीही अल्लीपूरचीच पाहिली, सुमन नावाची. तिच्याकडचे लोक दोनजण येतो म्हणाले आणि आले सातजण. घरात तीन वांगी आणि मूठभर बेसन. मला वाटलं आज बाईची अब्रू जाते. मी माझ्याकडचं काही देऊ का म्हणून भिंतीवरून विचारलं. ती म्हणाली, "तू फक्त तुझे ताटं दे." बेसनाच्या पातळ वड्या थापून तिनं तिखट झणझणीत पातोडीचा रस्सा केला. तीन वांग्यांचं भरीत केलं, त्यात निम्मा कांद्याचा पाला. सातजण जेवून ढेकर देत उठले. सुमनचा बाप हात धुताना म्हणाला, "घर खातंपितं दिसते." दाराआड कौसाबाई माझा दंड दाबून हसत होती. डोळ्यांत पाणी येईस्तो हसली. सकाळपासून तिच्या पोटात कण नव्हता हे मला ताटं परत घेताना कळलं.

लग्न लगेचच्या वैशाखात नाही, त्याच्या पुढच्या वैशाखात ठरलं. आणि ते साल फिरलं.

कापूस वेचणीला आला आणि अवकाळी पाऊस लागला. बोंडं काळी पडली. जीन फाल्गुनापर्यंत चालायचं ते माघातच बंद झालं. ओळीतली निम्मी घरं गावाकडे गेली. महादेवभाऊ आणि गणपत मिळेल ती मजुरी करायला लागले. कुठं विहीर खण, कुठं सरपण फोड. बाकी कुणी असती तर लग्न एक वर्ष पुढं ढकललं असतं. कौसाबाईनं नाही ढकललं. तिच्या मनानं घेतलं होतं, की गणपतच्या लग्नाच्या पंगतीला तुरीचं घट्ट वरण आणि गव्हाच्या पोळ्या पडल्या पाहिजेत. त्या पंगतीत कुणाला मीठ जास्त झालं म्हणायची पाळी यायला नको होती. सुगीच्या दिवसांत कामाच्या बदल्यात मिळालेली तूर आणि गहू तिनं कणगीत घातले, वरून कडुनिंबाचा पाला दाबला आणि शेणानं तोंड लिंपून टाकलं. मला बोलावून दाखवलं. "आता हे लगनालेच फुटन," म्हणाली.

मग घरात खायचं काय? तर लाखोळी.

आजच्या पोरींना लाखोळी ठाऊक नसेल. आमच्या पूर्वेकडे धानाच्या बांधीत, ओलीवर नुसतं फेकलं तरी येणारं कडधान्य. डाळ केली की लांबून तुरीसारखीच दिसते. स्वस्त म्हणजे इतकी स्वस्त, की मजुरीत पायलीच्या पायली देत. गरिबाघरी सगळेच थोडीफार खायचे. कौसाबाईनं चैत्रापासून तिचं वरण सुरू केलं. मग ज्वारी सरत आली तेव्हा भाकरीच्या पिठात लाखोळीचं पीठ. आधी चौथाई, मग निम्मं, आखाडात तर ज्वारी नावालाच. पण एकाच धान्याची तिनं रूपं किती काढली! वडे, घुगऱ्या, पिठलं, पातोड्या. रोज वेगळा वास भिंतीवरून यायचा. मी मास्तरांना म्हणायचे, बघा, याला म्हणतात सुगरण.

एकदा मी तिच्या चुलीपाशी बसले होते. ती भिजवलेल्या लाखोळीचं पाणी गाडग्यात ओतून घेत होती. हसत हसत म्हणाली, "आमची बुढी सासू हे पयलं पानी फेकून देत जाय. गरम पान्यात भिजवे, आन् भसकन उकिरड्यावर. म्या इचारलं, काऊन फेकता वो आत्याबाई? तं म्हने, रीत हाय. अशी रीत असन तं घर कसं वर येईन?" मीही हसले. नुसती हसले नाही, तिच्या हातावर टाळी दिली. ती टाळी माझ्या तळहातावरून अजून जात नाही.

त्या पाण्यात मळलेल्या भाकरीतली सगळ्यांत जाड भाकर गणपतची. घट्ट वरण गणपतला, वरचं पातळ नवऱ्याला, आणि राहिलंच तर स्वतःला. तो कष्टाचा गडी, लग्नाचा पोरगा, त्याच्या अंगावर मांस दिसायला हवं होतं.

पोळ्याच्या सुमारास गणपत म्हणायला लागला, पोटऱ्यांत गोळे येतात. तिनं जवसाचं तेल चोळलं. मग म्हणाला, सकाळी पाय जड वाटतात, गुडघे वळत नाहीत. ती म्हणाली अशक्तपणा आहे, आणि एक भाकर वाढवली. दसऱ्यापर्यंत त्याच्या टाचा जमिनीला टेकेनात. चवड्यांवर चालायचा, आणि चालताना एक पाय दुसऱ्याच्या आड यायचा. ओळीतली पोरं त्याची नक्कल करायची. मी एकाच्या पाठीत धपाटा घातला. जीन सुरू झालं त्या पहिल्या दिवशी तो रुईच्या गाठीखाली खांदा द्यायला गेला आणि जागच्या जागी बसला. चौघांनी उचलून घरी आणला. महादेवभाऊ दारात उभे राहून म्हणाले, "बरं."

वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. मी नालवाडीची, वर्धा मला ठाऊक, म्हणून सोबत गेले. डॉक्टर तरुण होता, बोलायला गोड होता. गणपतला खाटेवर बसवून त्यानं गुडघ्याखाली रबराच्या लहान हातोडीनं टक् केलं. पाय ताडकन उडाला. कौसाबाईचा चेहरा एकदम उजळला. मला कोपरानं ढोसून म्हणाली, "पाह्य, कसा जोर हाय पायात." डॉक्टर हसला नाही. त्यानं दुसऱ्या पायाला टक् केलं, तोही तसाच उडाला. मग त्यानं विचारलं, "घरात लाखोळी खाता का?"

"खातो जी."

"किती दिवसांपासून?"

तिनं बोटांवर मोजून महिने सांगितले. सांगताना आवाजात थोडा अभिमानच होता. एवढे महिने तिनं तुरीचा दाणा न फोडता काढले होते. डॉक्टरनं खुर्ची जवळ ओढली आणि समजावून सांगितलं. ही डाळच पायांवर जाते. रोज, पोटभर, दुसरं काही नसताना खाल्ली की जाते. तरण्या गड्यांवर जास्त जाते. आता ताबडतोब बंद करा. बंद केलीत तर आहे त्याच्यापेक्षा वाईट होणार नाही. पण गेलं ते परत येत नाही.

"बंद केली जी," कौसाबाई म्हणाली. "आता सांगा, त्याले काय खाऊ घालू?"

"घरात असेल ते घाला."

"तसं नाई जी. पाय भरून येतीन असं काई. दूध म्हना, मेथी म्हना. म्या करतो. काई बी सांगा."

डॉक्टरनं हातोडी खाली ठेवली. मग म्हणाला, "बाई, खाण्यानं आता हे दुरुस्त होत नाही."

तिचे ते थोराड हात पदराशी चाळा करत होते ते थांबले. जगातल्या कुठल्याही दुखण्यावर तिला एवढाच एक उपाय ठाऊक होता, आणि त्याचंच काम नाही असं तिला सांगितलं गेलं होतं. मी तिला हाताला धरून बाहेर आणली. गणपत व्हरांड्यात भिंत धरून उभा होता. त्यानं विचारलं, "काय म्हने?" कौसाबाईनं त्याचा दंड धरला आणि त्याला पायऱ्यांकडे वळवलं.

तरी तिनं ऐकलं नाही. घरी आल्या आल्या कणगीचं लिंपण फोडलं. तुरीचं घट्ट वरण, गव्हाच्या पोळ्या. माझ्या माहेरचं तूप मी नेऊन दिलं. मेथीचे लाडू, डिंक, खारका, कोण काय सांगेल ते. लग्नाच्या पंगतीचं सगळं त्या एका ताटात पडायला लागलं. रोज जेवण झालं की ती त्याला उभं राहायला सांगायची आणि त्याच्या टाचांकडे पाहायची. टाचा टेकत नव्हत्या. मी भिंतीपलीकडे कान देऊन असायचे. मी फक्त तूप देऊ शकत होते, तर तूप देत होते.

महिना दीड महिना असा गेला. एका दुपारी मी तिच्याकडे बसले होते. तिनं गणपतपुढे ताट ठेवलं. त्यानं दोन घास घेतले आणि ताट हळूच पुढे सरकवलं.

"वयनी," तो म्हणाला, "आज मीठ जास्त पडलं."

जन्मात कधी त्यानं ते म्हटलं नव्हतं. कौसाबाईनं बोटानं वरण चाटून पाहिलं, खरंच जास्त झालं का म्हणून. मग तिला कळलं. ती उठली, ताट उचललं, आणि चुलीकडे तोंड करून बसली. त्या दिवसापासून तिनं त्याला उभं राहायला सांगायचं बंद केलं.

चार दिवसांनी मला म्हणाली, "मास्तरीण, अल्लीपूरले येतं काय माह्यासंग?" सोयरीक तिनं स्वतःच मोडायची ठरवली होती. मी म्हटलं, "महादेवभाऊंना जाऊ द्या." ती म्हणाली, "ते तथी जाऊन बरं म्हनतीन. पोरीच्या बापानं दुसऱ्याच्या तोंडून ऐकन्यापरीस म्याच सांगतो. पोरीचं वाटोळं काऊन करू?"

छकड्यानं गेलो. सुमनच्या घरी ओसरीवर घोंगडी टाकली, पाणी आलं. कौसाबाईनं पाण्याला हात न लावता सगळं सांगितलं. लपवलं काही नाही. लाखोळी, महिने, डॉक्टर, सगळं. सुमनचा बाप खाली मान घालून ऐकत होता. भला माणूस, एक वाकडा शब्द बोलला नाही. दाराच्या फटीत बांगड्या वाजल्या, म्हणजे पोरगी ऐकत होती. तेवढ्यात कोपऱ्यात सूप घेऊन बसलेली सुमनची आजी म्हणाली,

"पयलं पानी फेकलं नवतं काय वं?"

कौसाबाईनं तिच्याकडे पाहिलं.

"लाखोळीचं पयलं पानी फेका लागते. गरम पान्यात रातभर भिजवा, ते पानी फेका, मंग शिजवा. आमी जलमभर खाल्ली. जहर पान्यात उतरते तिचं." बुढीच्या बोलण्यात टोमणा नव्हता. पाखडता पाखडता सहज बोलून गेली. आणि पुन्हा पाखडायला लागली.

परतीच्या वाटेवर कौसाबाई छकड्याच्या दांडीला धरून बसली होती. नदी उतरून आम्ही पलीकडे आलो. मी म्हटलं, "बाई, डॉक्टर तर पाण्याचं काही म्हणाला नाही. आजीचं काय ऐकता." मलाच माझं बोलणं पटत नव्हतं.

"आत्याबाई फेकत होत्या," ती म्हणाली. "मले दिसत होतं. म्या हासली त्याहिले."

"मीही हसले होते, बाई."

"तुह्या घरचे पाय गेले नाई ना." रागानं नाही म्हणाली. जे आहे ते म्हणाली. थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "सांगू काय त्याले? पानी फेकलं असतं तं पाय राह्यले असते, हे सांगू काय?"

मी शिकलेली. मास्तरांची बायको. पोथी वाचायचे, लोकांची पत्रं लिहून द्यायचे. त्या बाईनं आयुष्यात मला एकच सल्ला विचारला, आणि मी म्हटलं, "मला नाही कळत, बाई." ती म्हणाली, "मले बी नाई." बैलांच्या घंटा वाजत होत्या. घरी आल्यावर तिनं काय केलं, सांगितलं की नाही, ते मी कधी विचारलं नाही. भिंतीवरून सगळं ऐकू यायचं, पण ते ऐकू आलं नाही.

त्यानंतर ती स्वयंपाक करायची, पण आमच्या खोलीत तिच्या घरचा वास येईना. एकदा मी भाजीची देठं वाटीत घालून भिंतीवर ठेवली, तिला आवडतात म्हणून. ती वाटी दोन दिवस तशीच राहिली. मी ती काढून घेतली.

ज्या वैशाखात गणपतचं लग्न व्हायचं, त्याच वैशाखात मास्तरांच्या बदलीचा हुकूम आला. निघायच्या दिवशी सकाळी मी तिच्या पाया पडले. ती म्हणाली, "टेशनावर येतो." मी म्हटलं, उन्हाचं कशाला. तर आतून गणपत म्हणाला, "मी बी येतो." तोवर तो दोन काठ्यांवर चालायला लागला होता. आम्ही टांग्यात बसवतो म्हटलं, तर नको म्हणाला. दोघं आमच्या आधी तासभर निघाली असणार, कारण आम्ही पोचलो तेव्हा ती दोघं फलाटाच्या टोकाशी येत होती. तो पुढे, ती दोन पावलं मागे. तिच्या हातात फडक्यात बांधलेली शिदोरी होती.

गाडी आली. मास्तर सामान चढवायला लागले. मी खिडकीशी बसले. कौसाबाईनं शिदोरी आत दिली आणि माझ्या गालावरून हात फिरवला. "खातपीत राह्यजो," म्हणाली. गणपत पलीकडून मास्तरांना काहीतरी सांगायला म्हणून पुढे आला, आणि फलाटाच्या फरशीवर त्याची एक काठी निसटली. तो आडवा झाला. काठी घरंगळत लांब गेली. एक हमाल धावला, मास्तर डब्यातून खाली उतरायला लागले, मीही उठले.

"राहू द्या जी," कौसाबाई म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "कोनी हात नोका लावू. त्याले सोताले उठायचं हाय."

हमाल थांबला. गणपत कोपरावर उठत होता, पाय एकमेकांत अडकत होते, तो ते हातानं सोडवत होता. कौसाबाई त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी होती. तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले होते, आणि एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट गच्च धरून ठेवलं होतं.

शिट्टी झाली. मास्तर चढले. गाडी हलली, तशी मी खिडकीतून मान बाहेर काढली. गणपत काठीकडे सरकत होता. कौसाबाई माझ्याकडे पाहत नव्हती. मग शेजारच्या रुळावर उभे असलेले मालगाडीचे डबे आडवे आले, आणि तो उठला की नाही ते मला दिसलं नाही.